दवाखान्याचं बिल आणि सांभाळण्याचा खर्च: पुण्यातल्या ज्येष्ठांसाठी पैशांचं नियोजन

पुण्यात वडिलांच्या अँजिओप्लास्टीसाठी पैसे उभे करायचे असतील, तर विचारायला चार-पाच दारं आहेत. त्याच वडिलांना पक्षाघातानंतर तीन वर्षं अंथरुणावर सांभाळायचं असेल, तर दिवसरात्र जवळ बसणाऱ्या ताईंचा पगार कोणतीही सरकारी योजना देत नाही आणि आरोग्यविमाही बहुधा देत नाही. हे दोन खर्च वेगळे आहेत. बहुतेक घरांत मात्र त्यांची सरमिसळ होते. ‘विमा आहे, थोडी एफडी आहे, होईल सगळं’ असं म्हणत दिवस जातात आणि पहिल्याच ऑपरेशनला एफडी मोडली जाते. खरी लांबणारी शुश्रूषा त्यानंतर सुरू होते, आणि तेव्हा हाताशी काही उरलेलं नसतं.

म्हणून या लेखाचा सगळा रोख एका गोष्टीवर आहे. दवाखान्याचा खर्च जितका योजना, सवलत आणि विम्यावर टाकता येईल तितका टाका. स्वतःची साठवण घरातल्या शुश्रूषेसाठी राखून ठेवा. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

पायरी १: आपलं नाव आधीच कुठे लागतं ते पाहा

निवृत्तीआधीची नोकरी कुठे होती, इथून सुरुवात करा. केंद्र सरकारची पेन्शन असेल (खडकी-देहूरोडच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या, टपाल खातं, आयकर खातं वगैरे), तर सीजीएचएसचं (केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं) कार्ड काढता येतं. पुण्यात सीजीएचएसची वेलनेस सेंटर्स आहेत. पेन्शनरांना दहा वर्षांची वर्गणी एकरकमी भरून आयुष्यभराचं कार्ड मिळतं. वेतनस्तर ७ ते ११ मधल्यांना महिना ६५० रुपयांच्या हिशेबाने ७८ हजार पडतात. आकडा ऐकून काही जण मागे हटतात, पण नवरा-बायको दोघांच्या औषधांचा एका वर्षाचा खर्च काढून बघा, म्हणजे मत बदलेल. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही अशीच आरोग्य योजना आहे.

भोसरी, पिंपरी, हडपसरच्या कारखान्यांत काम केलेल्यांना एक हक्क फारसा माहीत नसतो. ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा योजनेत) किमान ५ वर्षं विमाधारक राहून वयानुसार निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला फक्त १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी ईएसआयची वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. बिबवेवाडीला ईएसआयचं रुग्णालय आहे. निवृत्तीची कागदपत्रं आणि जुना विमा क्रमांक शोधून ठेवा.

महापालिकेतून निवृत्त झालेल्यांना अंशदायी वैद्यकीय योजना आहे. कमी उत्पन्नाच्या पुणेकर कुटुंबांसाठी महापालिकेचीच शहरी गरीब योजना आहे. तिच्यात उपचारांच्या खर्चाचा मोठा वाटा पालिका उचलते. चौकशी पालिकेच्या आरोग्य विभागात करायची.

यानंतर सगळ्यांसाठीची दोन दारं येतात.

वय ७० किंवा जास्त असेल, तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाली. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, जुन्या आजारांना थांबण्याची मुदत (विमा लागू व्हायच्या आधीचा काळ) नाही आणि कोणताही हप्ता नाही. एकाच घरात सत्तरी ओलांडलेले दोघे असतील, तर ५ लाख दोघांत मिळून असतात. खासगी विमा असला तरी हे कार्ड चालतं. सीजीएचएस किंवा ईसीएचएस असेल तर मात्र दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं. अशांनी घाईने कार्ड काढू नये. वय आधारवरून धरलं जातं, त्यामुळे आधारवर जन्मतारीख चुकली असेल, किंवा मोबाईल क्रमांक जुना असेल, तर आधी ते दुरुस्त करा. आयुष्मान अ‍ॅपवरून घरबसल्या कार्ड निघतं. चौकशीसाठी १४५५५ हा क्रमांक आहे.

दुसरं दार महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेचं. पूर्वी ती पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेपुरती होती आणि मर्यादा दीड लाखांची होती. आता पांढऱ्या शिधापत्रिकेवरही ती लागू आहे आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख आहे. ‘आपल्याकडे पांढरं कार्ड आहे, आपल्याला काय मिळणार’ म्हणणारी मंडळी अजूनही सदाशिव पेठेपासून सिंहगड रस्त्यापर्यंत भेटतात. त्यांच्यापर्यंत हे पोचवा. हेल्पलाइन १५५३८८.

या दोन्ही योजनांत एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. योजना रुग्णालयाशी आणि आजाराशी बांधलेली असते. रुग्णालय यादीत असलं तरी तिथे हृदयाचं ऑपरेशन योजनेत असेल आणि गुडघ्याचं नसेल, असं होऊ शकतं. त्यामुळे ‘तुमच्याकडे योजना आहे का?’ एवढंच विचारू नका. ‘या आजाराची ही शस्त्रक्रिया इथे योजनेत होते का?’ असं विचारा, आणि स्वागतकक्षाऐवजी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारा. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात त्याचं टेबल असतं. बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजची औषधं यांत येत नाहीत.

पायरी २: धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटा

याबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण पुण्यासारख्या शहरात ही सवलत मोठी आहे आणि मध्यमवर्गातले पेन्शनर तिच्याकडे बघतही नाहीत.

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातलं कलम ४१ एए लागू होतं. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने ठेवायच्या असतात. त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ म्हणून बाजूला काढावी लागते. पुण्यात रुबी हॉल, जहांगीर, केईएम, दीनानाथ मंगेशकर, पूना हॉस्पिटल, इनलॅक्स बुधरानी अशी नावाजलेली रुग्णालयं धर्मादाय आहेत.

उत्पन्नाची मर्यादा वाढवून निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार आणि दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार केलेली आहे. म्हणजे महिना ३० हजारांपर्यंत. खासगी कंपनीतून निवृत्त झालेलं, मुलं वेगळी राहत असलेलं, व्याजावर आणि तुटपुंज्या पेन्शनवर जगणारं जोडपं कोथरूडच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहत असलं, तरी या मर्यादेत बसू शकतं. ‘निर्धन’, ‘दुर्बल’ हे शब्द ऐकून लोकांना संकोच वाटतो. संकोच करू नका. ही सवलत रुग्णालयाला मिळणाऱ्या धर्मादाय दर्जाच्या बदल्यातली कायदेशीर जबाबदारी आहे.

मर्यादा कुटुंबाच्या उत्पन्नाची आहे आणि ते तहसीलदारांच्या दाखल्याने सिद्ध करायचं असतं. दाखला आपले सरकार संकेतस्थळावरून किंवा नागरी सुविधा केंद्रातून निघतो, पण एका दिवसात हातात पडेलच असं नाही. म्हणून आजार यायच्या आधी, दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला, तो काढून ठेवा. सोबत शिधापत्रिका आणि आधारच्या प्रती ठेवा.

भरती करताना रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा आणि लेखी अर्ज द्या. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी ‘खाटा शिल्लक नाहीत’ असं सांगितलं गेलं, तर शिल्लक खाटांची माहिती धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर पाहता येते. तक्रारीसाठी ढोले पाटील रस्त्यावर सहधर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी न अडवता दाखल करून स्थिर करणं हेही या योजनेत बंधनकारक आहे. बिल झाल्यावर शेवटच्या दिवशी सवलत मागणाऱ्यांना मात्र फार त्रास होतो. अर्ज पहिल्या दिवशीच जायला हवा.

पायरी ३: विमा घ्यायचा की नाही, आणि असलेला कसा वाचायचा

विमा क्षेत्राची नियामक संस्था आयआरडीएने एप्रिल २०२४ पासून आरोग्यविमा विकत घेण्याची ६५ वर्षांची वरची अट काढली. जुन्या आजारांसाठी थांबण्याची मुदत आता जास्तीत जास्त ३ वर्षं आहे. ६० महिने पॉलिसी सलग चालली, की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय ‘आजार लपवला’ म्हणून दावा नाकारता येत नाही. जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी नियामकाशी सल्लामसलत करावी लागते. वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे.

तरीही माझं मत असं: पंचाहत्तरीनंतर, मधुमेह-रक्तदाब-हृदयविकार सोबत असताना, नवी महागडी पॉलिसी घेण्याआधी वय वंदना कार्ड आणि जवळच्या यादीतल्या रुग्णालयांचा अंदाज घ्या. हप्त्याची तीच रक्कम दरवर्षी वेगळ्या खात्यात टाकणं अनेकांसाठी जास्त शहाणपणाचं ठरेल. साठ-पासष्टच्या आत असाल आणि तब्येत बरी असेल, तर मात्र आजच घ्या. जुनी पॉलिसी चालू असेल, तर ती हप्ता चढला म्हणून सोडू नका. मूळ विमा लहान ठेवून वर सुपर टॉप-अप (ठरावीक रकमेच्या वरचा खर्च उचलणारा जोडविमा) घेता येतं का ते पाहा.

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलाच्या कंपनीच्या गट विम्यावर आई-वडील अवलंबून असतात. मुलाने नोकरी सोडली किंवा त्याची नोकरी गेली, तर हे संरक्षण त्याच दिवसापासून संपतं. मुलाने राजीनामा देण्याआधी विमा कंपनीला विचारावं, की आई-वडिलांना त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत वर्ग करता येईल का. तसं झालं तर थांबण्याच्या मुदतीतला पूर्ण झालेला काळ वाया जात नाही.

पॉलिसीत तीन गोष्टी शोधा. को-पे किती (२० टक्के असेल, तर ४ लाखांच्या बिलात ८० हजार तुमचे). मोतीबिंदू, गुडघे यांसाठी वेगळी मर्यादा आहे का. आणि खोलीभाड्याची मर्यादा. ही तिसरी गोष्ट सर्वांत जास्त घात करते. पॉलिसीत रोजचं खोलीभाडं ५ हजारांपर्यंत असेल आणि तुम्ही १० हजारांची खोली घेतली, तर फक्त वरचे ५ हजार भरून सुटका होत नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियेचे आकार यांसारखे खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मे, कापले जातात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या या कपातीतून वगळलेल्या असतात, तरीही फरक लाखाच्या घरात जाऊ शकतो. दाखल होताना ‘आईला जरा मोकळी खोली हवी’ असं वाटणं साहजिक आहे. आधी मर्यादा पाहा, मग खोली निवडा.

दावा नाकारला गेला, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुदत एका वर्षाची आहे, वकील लागत नाही, फी नाही. पुण्याचं लोकपाल कार्यालय नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावरच्या जीवन दर्शन इमारतीत आहे.

पायरी ४: घरातल्या शुश्रूषेचा हिशेब

हा हिशेब कागदावर मांडलेला मी फार कमी घरांत पाहिला आहे, आणि पैसे याच ठिकाणी संपतात.

आधी गरज ठरवा. सलाइन, इंजेक्शन, नळीतून अन्न, ट्रेकिऑस्टॉमी (श्वासासाठी गळ्याला केलेलं छिद्र) असं काही असेल तर प्रशिक्षित नर्स लागते. अंघोळ घालणं, कुशीवर वळवणं, डायपर बदलणं, भरवणं यासाठी केअरटेकर ताई किंवा दादा पुरतात, आणि दोघांच्या दरात मोठा फरक असतो. कॅथेटर बदलायला किंवा जखमेच्या ड्रेसिंगला नर्सला ठरावीक दिवशी बोलवता येतं. त्यासाठी २४ तासांची नर्स ठेवण्याची गरज नाही. डॉक्टरांना थेट विचारा: ‘नर्स लागेल की केअरटेकर चालेल?’

नर्स आणि केअरटेकर पुरवणाऱ्या ब्युरोशी बोलताना हे लेखी घ्या: नोंदणी फी किती आणि ती कितीदा, दर महिन्याचा की हजेरीचा, ताई गावी गेल्या तर बदली किती तासांत, गणपती, दिवाळी आणि गावच्या जत्रेच्या दिवसांत काय, पोलिस पडताळणी झाली आहे का, जेवण कोणाचं. ताईंच्या हातात किती पडतात हेही विचारा. ब्युरो मोठा वाटा कापत असेल, तर ताई टिकत नाहीत, आणि माणूस सारखं बदलत राहिलं की सर्वांत जास्त हाल रुग्णाचे होतात.

उदाहरणासाठी एक हिशेब मांडू. समजा २४ तासांच्या ताईंचे महिन्याला २५ हजार, डायपर आणि इतर साहित्य ४ हजार, औषधं ६ हजार, फिजिओथेरपी ५ हजार. एकूण ४० हजार. वर्षाला ४ लाख ८० हजार, तीन वर्षांत १४ लाख ४० हजार, आणि यात महागाई धरलेली नाही. तुमच्या घरचे आकडे घालून हाच हिशेब करा.

खर्च उतरवण्याच्या काही जागा आहेत. फाउलर कॉट (डोक्याची-पायांची बाजू वर-खाली होणारा पलंग), एअर बेड, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, ऑक्सिजन काँसन्ट्रेटर विकत घेऊ नका. जनकल्याण समितीच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रांसारख्या ठिकाणी ही साधनं नाममात्र भाड्यावर मिळतात. अनेक ज्येष्ठ नागरिक संघांकडेही ती असतात. एअर बेड मात्र पहिल्याच आठवड्यात आणा. पाठीला बेडसोअर झाला, तर त्याच्या ड्रेसिंगवर भाड्याच्या कितीतरी पट पैसे जातात आणि वेदना वेगळीच. मधुमेह-रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून घ्या. वय ६५ च्या वर आणि उत्पन्न २ लाखांच्या आत असेल, तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र, चष्मा, वॉकर अशा साधनांसाठी एकदा ३ हजार रुपये खात्यात येतात.

कर्करोगाच्या रुग्णाचे उपचार थांबले असतील आणि वेदना सांभाळायच्या असतील, तर वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून हे काम विनामूल्य करतं. रुग्णासोबत घरच्या माणसालाही तिथे राहता येतं. ‘तिथे नेलं म्हणजे आशा सोडली’ असं समजून अनेक घरं शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबतात. लवकर जा, म्हणजे वेदना आधीच आटोक्यात येतात.

पायरी ५: दरमहा येणारा पैसा

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. ८.२ टक्के दराने ३० लाखांवर तिमाहीला ६१ हजार ५०० रुपये येतात, म्हणजे महिन्याला २० हजार ५००. नवरा-बायकोची वेगळी खाती असतील, तर दुप्पट. वरच्या उदाहरणातला ४० हजारांचा खर्च दोन खाती असलेलं जोडपं मुदलाला हात न लावता पेलू शकतं. एकच खातं असेल, तर निम्मा भार पेन्शनवर किंवा मुलांवर येतो. हे आधीच समजलं तर मुलांशी बोलणं सोपं होतं.

करातून सूट मिळते ती जुन्या करप्रणालीत: विमाहप्ता, किंवा विमाच नसेल तर ज्येष्ठांचा प्रत्यक्ष औषधोपचाराचा खर्च, ५० हजारांपर्यंत, आणि कर्करोग, पार्किन्सन्स, डिमेन्शिया अशा ठरावीक आजारांसाठी १ लाखापर्यंत. यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं.

राहता राहिला फ्लॅट. पुण्यातल्या बऱ्याच ज्येष्ठांची सगळी कमाई त्याच्यात आहे. रिव्हर्स मॉर्गेजची सोय २००७ पासून आहे: घर बँकेकडे गहाण, दरमहा पैसे तुम्हाला, हयातभर परतफेड नाही, आणि मिळणाऱ्या पैशांवर आयकर नाही. नंतर वारस कर्ज फेडून घर ठेवू शकतात. पण एक अट महत्त्वाची आहे. घर कायमचं सोडून दुसरीकडे राहायला गेलात, तर कर्ज फेडण्याची वेळ येते. म्हणजे जे पुढे निवासी शुश्रूषा केंद्रात जाण्याची शक्यता आहे, त्यांच्यासाठी हा मार्ग बरा नाही. त्यांनी फ्लॅट भाड्याने देऊन केंद्राचे पैसे भरावेत. करार नोंदणीकृत करावा. सोसायटीचा पुनर्विकास चालू किंवा येऊ घातलेला असेल, तर रिव्हर्स मॉर्गेज देणारी बँकही आधी मालकीची कागदपत्रं मागेल.

मुलांच्या नावावर घर बक्षीसपत्राने करून देणं महाराष्ट्रात नाममात्र मुद्रांक शुल्कात होतं, म्हणून लोक पटकन करतात. माझा सल्ला: करू नका, मृत्युपत्र करा. करायचंच असेल, तर ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार अशी अट मोडली तर हस्तांतर रद्द करून घेता येतं.

पायरी ६: सही करता येत नसेल तेव्हा

पैसे आहेत, पण वडील आयसीयूत आणि एफडी एकट्याच्या नावावर, ही अवस्था अनेक घरांवर येते. कुलमुखत्यारपत्र आहे म्हणून निश्चिंत राहू नका; माणूस मानसिकदृष्ट्या अक्षम झाला, की सामान्य मुखत्यारपत्राचा अधिकार संपतो. कोमात गेलेल्या व्यक्तीसाठी पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. उपाय साधा आहे: बचत खातं आणि एफडी ‘आयदर ऑर सर्व्हायवर’ (दोघांपैकी कोणीही एकटा व्यवहार करू शकेल अशा) पद्धतीने दोघांच्या नावे करा, आणि मुदतीआधी मोडण्याची परवानगीही दोघांपैकी कोणालाही असेल असं बँकेत लेखी द्या. वारसनोंद (नॉमिनेशन) फक्त मृत्यूनंतर उपयोगी पडते, जिवंतपणी नाही.

मुलं खर्च उचलत नसतील तर

ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार प्रांताधिकाऱ्यांकडे निर्वाहासाठी अर्ज करता येतो. न्यायाधिकरण महिन्याला १० हजारांपर्यंत रक्कम ठरवू शकतं, निकाल साधारण ९० दिवसांत द्यायचा असतो, आणि वकील लावता येत नाही, म्हणून वकिलाचा खर्चही नाही. अर्ज लिहायला मदत हवी असेल, तर आधी १४५६७ या एल्डरलाइनवर फोन करा, किंवा आपल्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात जा. सोबत उत्पन्नाचा पुरावा, औषधांची बिलं आणि मुलांचे पत्ते ठेवा. बिलं महिन्यानुसार लावलेली असली, तर मागितलेली रक्कम का लागते हे अधिकाऱ्यांना लगेच दिसतं.